ह्ये बी झोपले व्हते का?

किल्लारीच्या भूकंपानंतर आठव्या की नवव्या दिवशीची गोष्ट. आम्ही कॉलेजातली पंधरा-वीस पोरं धान्य, चादरी आणि ताडपत्र्या घेऊन औसा तालुक्यातल्या एका गावात ट्रकमधून उतरलो होतो. गाव म्हणावं असं तिथं काही उरलंच नव्हतं. पावसानं भिजलेले दगडमातीचे ढीग आणि त्यांतून वर आलेली लाकडं. एका ढिगाऱ्याच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसून ॲल्युमिनियमच्या परातीत काहीतरी धूत होता. जवळ गेलो तर ते देवाचे टाक होते. एक खंडोबाचा, एक तुळजाभवानीचा, आणि एक इतका चेपलेला की कुणाचा ते ओळखू येईना. घासायला चिंच नव्हती, म्हणून तो त्याच ढिगाऱ्यातली माती बोटावर घेऊन घासत होता. त्या घरातली दोन नातवंडं गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्याची म्हातारी मागं उभी होती. ती म्हणाली, "त्यांला काय धुताव? त्या राती ह्ये बी झोपले व्हते का?"

म्हाताऱ्यानं लगेच उत्तर दिलं नाही. त्यानं जे उत्तर दिलं त्याच्याकडे मी या प्रस्तावनेत पुढं येणार आहे. तिच्या प्रश्नासाठी हे सगळं पुस्तक लिहिलं आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हाच प्रश्न तीन विधानांत मांडतात. देव सर्वशक्तिमान आहे, त्याला अशक्य असं काही नाही. देव सर्वज्ञ आहे, त्याच्यापासून काही लपत नाही. देव भला आहे, निरपराध जिवाचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नाही. ही तिन्ही खरी असतील तर निरपराधाच्या वाट्याला असं दुःख यायलाच नको, आणि ते तर रोज येतं. हा पेच ग्रीक एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापल्या गेलेल्या त्याच्या संवादांत तो पुन्हा पुढे आला. १९५५ साली जे. एल. मॅकी यांनी एका निबंधात असं मांडलं की ही नुसती अडचण नाही, ही तिन्ही विधानं आणि दुःखाचं अस्तित्व यांत सरळ तार्किक विसंगती आहे. भूकंपाच्याच वर्षीच्या परीक्षेत मी या प्रश्नावर चार पानं लिहून आलो होतो. ढिगाऱ्यापाशी त्यातलं एक वाक्य आठवेना.

त्या रात्रीचा तपशील इथं सांगायला हवा, कारण म्हातारीचा प्रश्न शक्तीपेक्षाही आधी जाणतेपणाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं भुईसपाट झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. काही ठिकाणी हा आकडा दहा हजारांपर्यंत सांगतात. घरं कशी होती, तर दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, मातीत रचलेले धोंडे, वर लाकडाच्या आधारावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून वर माती टाकत जायचं, म्हणजे छत वर्षागणिक जड होत जायचं. अशी घरं उन्हाळ्यात गार राहतात, चोराला फोडायला अवघड जातात. जीव राखायला बांधलेल्या भिंतींनीच जीव घेतला.

आदल्या वर्षी, १९९२ साली, त्याच भागात लहान धक्के बसले होते. लोक भ्याले, काही दिवस बाहेर झोपले, मग काही झालं नाही म्हणून पुन्हा आत गेले. भूकंपाच्या धोक्याचा तेव्हाचा सरकारी नकाशा पाहिला तर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच पुढं २००२ साली नकाशावरून काढून टाकला गेला. म्हणजे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं, सरकारला ठाऊक नव्हतं, धोंडे रचणाऱ्या गवंड्याला तर नव्हतंच. न कळणं हा या सगळ्यांचा बचाव आहे. सर्वज्ञाला तो बचाव नाही. भिंत पडणार हे एखाद्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, आतल्यांना हाक मारायला त्याला एक क्षण पुरला असता, आणि तो गप्प बसला असता, तर गावानं त्याला पुन्हा पाणी विचारलं नसतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: देवाचं चांगुलपण आपल्या मापानं मोजू नये. जॉन स्टुअर्ट मिलनं १८६५ साली यावर फार रोखठोक लिहिलं आहे. माणसाला भला म्हणताना मी जो अर्थ धरतो, तो ज्याला लागू होत नाही त्याला मी भला म्हणणार नाही, मग त्यासाठी नरकात जावं लागलं तरी चालेल, अशी त्याची भूमिका होती. मी त्याच्या बाजूला आहे. ‘भला’ हा शब्द आपण आईकडून, शेजाऱ्याकडून, अडल्या वेळी धावून आलेल्या माणसाकडून शिकतो. देवापाशी येताच त्या शब्दातला हा सगळा ऐवज काढून घेतला, तर देवाची स्तुती केल्यासारखं काही उरत नाही. या पुस्तकात हा शब्द सगळीकडे एकाच अर्थानं वापरला आहे.

किल्लारीला गणपतीचा सण होता, तसा लिस्बनला सर्व संतांचा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग कित्येक दिवस शहर जळत राहिलं. लायब्निट्झनं १७१० साली मांडलं होतं की शक्य असलेल्या जगांत देवानं निवडलेलं हे जग सर्वांत चांगलं आहे. लिस्बननंतर व्हॉल्टेअरनं आधी दीर्घ कविता आणि मग १७५९ साली ‘कांदीद’ लिहून या समाधानाची पार वाट लावली. मला मात्र त्या वादातलं रुसोचं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. सहा-सात मजल्यांची हजारो घरं निसर्गानं बांधली नव्हती, तुम्ही बांधली होती, असं त्यानं व्हॉल्टेअरला सुनावलं. किल्लारीच्या धोंड्यांच्या भिंती पाहिलेल्या माणसाला यातलं खरं लगेच कळतं. भूकंप मारत नाही, घर मारतं, हे तिथं नंतर आलेला प्रत्येक इंजिनिअर सांगत होता. पण सिमेंट-लोखंडाचं घर बांधायला लागणारा पैसा कुणाकडे होता? आणि त्या घरात झोपलेल्या दोन वर्षांच्या पोरानं कुठली भिंत निवडली होती? रुसोनं दोषाचा मोठा वाटा माणसाकडे वळवला. सगळा दोष काही वळत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला फार जुनी आणि नेमकी नावं आहेत. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन आरोप ठेवले आहेत: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. आरोप असा उघड, काही न लपवता मांडण्याचं धैर्य मला थोर वाटतं. शंकराचार्यांच्या भाष्यातलं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. भाताच्या बीजातून भात येतो, जवाच्या बीजातून जव. तसा जिवाजिवांतला फरक त्यांच्या त्यांच्या कर्मामुळे. मग पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे, पहिली वेळ अशी नाहीच.

हे उत्तर मी अनेक वर्षं मनात घोळवलं आहे, आणि दर वेळी पावसाच्या दृष्टांतापाशीच अडलो आहे. पावसाला आपण दोष देत नाही, कारण आपण कुठं पडतो आहोत हे पावसाला ठाऊक नसतं. त्याला ते ठाऊक असतं आणि थांबणंही त्याच्या हातात असतं, तर पूर आलेल्या गावानं त्याच्यावर बोट ठेवलंच असतं. शिवाय जो कर्माप्रमाणेच फळ देऊ शकतो, त्याच्या शक्तीला कर्माचं कुंपण पडलं. त्याला सर्वशक्तिमान कसं म्हणायचं? भाष्यकार ही सापेक्षता मान्य करून पुढे जातात. पुढच्या एका प्रकरणात मी त्यांच्या बाजूनं बोलायचा मनापासून प्रयत्न केला आहे.

पण माझा खरा विरोध तर्काचा नाही. त्या दौऱ्यात मदत छावणीत एक बुवा प्रवचनाला आले होते. प्रारब्ध कुणाला चुकत नाही, मागल्या जन्मीचं फेडावंच लागतं, असं त्यांनी शांत आवाजात, चांगल्या मनानंच सांगितलं. समोरच्या बायकांनी माना खाली घातल्या. ज्यांची लेकरं गेली होती, त्यांच्या पदरात त्या संध्याकाळी लेकरं जाण्याचा दोषही पडला. दुःख भोगणाऱ्यालाच आरोपी करणारं कुठलंही उत्तर, ते कितीही सुसंगत असो, मला नीतीनंच अमान्य आहे.

गांधीजींसारख्या माणसाकडूनही हे घडलं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे, असं ते म्हणाले. अस्पृश्यतेची चीड त्यांच्या रोमरोमांत होती आणि ती त्या शब्दांत उतरली. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात, आणि हाच तर्क उलटा फिरवून सनातनी मंडळी भूकंपाचा ठपका गांधीजींवरही ठेवू शकतील. गांधीजींनी तो विरोध स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपल्या मतावर ठाम राहिले. मला या वादात रवींद्रनाथांचं म्हणणं पूर्ण पटतं. आणखी एक साधी गोष्ट आहे. बिहारच्या त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यता पाळणारे होते, तसे ती सोसणारेही होते.

बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथात हेच आहे. सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र समजावतात की तुझं काहीतरी चुकलं असणार. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. मूळ प्रश्नाचं उत्तर तो देत नाही, आपलं सामर्थ्य तेवढं दाखवतो. पण दोष भोगणाऱ्याचा असं म्हणणारे खोटं बोलले, एवढं तो स्पष्ट सांगतो. हा ग्रंथ मूळ हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी सबंध बायबलच मूळ भाषांतून मराठीत केलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण गेली. तीर्थयात्रा, पुराणं, दानधर्म, उपास यांत आयुष्य घातलेलं हे कुटुंब. जवळचं होतं ते देवाच्या नावानं देऊन झालं होतं. रमाबाई आणि त्यांचा भाऊ तेवढे वाचले. पुढे त्यांनी आपला धर्म सोडला, देव सोडला नाही. हे कसं झालं असेल याचा मी फार विचार केला आहे, आणि त्यांच्यावरचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांबलं आहे ते त्यामुळेच.

मुळात जगाचा कर्ताच मान्य नसेल तर हा प्रश्न उभा राहत नाही. जैन, बौद्ध, चार्वाक आणि पूर्वमीमांसकही याच बाजूचे. या मताबद्दल मला आदर आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. पण म्हातारीचा प्रश्न ‘देव आहे का’ असा नव्हता. तो आहे हे धरूनच ती त्याच्याशी भांडत होती, आणि मला त्या भांडणाचा माग काढायचा होता.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात आज सर्वांत वजनदार समजलं जाणारं उत्तर स्वातंत्र्याचं आहे. माणसाला खरोखर स्वतंत्र केलं की वाईट करण्याची मुभाही द्यावी लागते. माणूस स्वतंत्रही असेल आणि कधीच चुकणारही नाही अशी हमी देवही देऊ शकत नाही. १९७४ साली ॲल्विन प्लँटिंगा यांनी हे फार काटेकोरपणे मांडलं. भूकंपाला ते कसं लावायचं हा प्रश्न आहेच, पण माणसानं केलेल्या अन्यायापुरतं ते तपासायचं तर मी चोखोबांकडे जातो.

चोखामेळ्याला देवळात प्रवेश नव्हता. देऊळ माणसांनी बंद केलं होतं, तेव्हा दोष माणसांचा, हे बरोबरच आहे. पण लोकांनी त्यांच्याभोवती रचलेल्या कथा पाहा. विठ्ठल चोखोबांसोबत मेलेली ढोरं ओढतो. त्यांची बायको सोयराबाई, तिच्या बाळंतपणाला नणंदेचं रूप घेऊन येतो. म्हणजे हा देव हात लावू शकतो, घरात येऊ शकतो, माणसाचं रूप घेऊ शकतो. मग राऊळाची कडी तेवढी त्याला काढता येत नाही? चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत आपला जन्म पूर्वकर्माचा म्हणून सोसलेला दिसतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा सोसत नाही. आम्हाला हीन ठरवलंस, तर आमचं जिणं तुला समजत कसं नाही, आणि समजत असूनही तू शरमत कसा नाहीस, अशा अर्थाचं तो विठ्ठलाला तोंडावर विचारतो. जाणतेपण आणि भलेपण, दोन्ही एकाच वेळी धारेवर धरणारा हा पोरगा चौदाव्या शतकातला आहे. या प्रश्नावरच्या जगातल्या कुठल्याही संग्रहात त्याला मानाची जागा मिळायला हवी.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांसोबत चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी तिथं जाऊन, हाडांतून विठ्ठलनाम ऐकून ती ओळखून पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. समाधी महाद्वाराबाहेर झाली. महाद्वार त्यांच्या माणसांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. मधे सहाशे नऊ वर्षं गेली. माणसाच्या स्वातंत्र्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण बंद करणाऱ्यांचं स्वातंत्र्य सहाशे वर्षं राखलं गेलं आणि बाहेर उभं राहणाऱ्यांचं एक दिवसही राखलं गेलं नाही, हे त्या युक्तिवादाच्या हिशेबात कुठं बसतं ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आता म्हाताऱ्याचं उत्तर. टाक धोतराच्या सोग्यानं पुसत, वर न बघता तो म्हणाला, "त्ये बी आपल्यासंगं गाडलेच व्हते की."

हे वाक्य मला तेव्हा भाबडं वाटलं होतं. पुढं काही वर्षांनी हान्स योनास या ज्यू तत्त्वज्ञाचं १९८४ सालचं एक व्याख्यान वाचनात आलं. त्यांची आई ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. ऑशविट्झनंतर देव ही कल्पना ठेवायचीच असेल तर त्याचं भलेपण ठेवा, सर्वशक्तिमानपण सोडा, असं ते तिथं मांडतात. तो थांबवत नव्हता, कारण त्याला थांबवता येत नव्हतं. वाचताना मला ती परात आठवली.

आणि मग आपल्या संतांकडे पुन्हा पाहिलं तर ते अनोळखी वाटेना. ते विठ्ठलाला ब्रह्मांडनायक म्हणतात हे खरं. पण गळ्याशी येतं तेव्हा ‘माउली’ म्हणतात. आई सर्वशक्तिमान नसते. भूकंप थांबव असं तिला कुणी सांगत नाही. तिनं लेकराला सोडून पळू नये एवढंच मागतात. जनाबाईसोबत दळणारा, शेणी वेचणारा देव हा असा आहे. त्याचे हात कामाला येतात, पण त्या हातांत जगाच्या नाड्या आहेत असं त्या कथा ऐकताना वाटत नाही. माझं मत मी इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना वाचकाला ते हिशेबात धरता येईल. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि आपल्याला कळतो त्या अर्थानं भला, असा देव मला मानता येत नाही. तिन्हींतलं एक सोडायचंच तर मी शक्ती सोडीन.

पण म्हातारीनं हेही ऐकून घेतलं नव्हतं. "गाडलेच व्हते," ती म्हणाली, "तर मंग इतकी सालं नवस कुनाला केले? जेजुरीला कुनाच्या पायी गेलो?"

या प्रश्नापुढं योनास अडखळतात, आणि मीही अडखळतो. ज्याच्याकडे काही मागता येत नाही त्याची पूजा म्हणजे काय, यावर शेवटची दोन प्रकरणं आहेत, आणि त्यांत मी जिथवर पोचलो तिथवरच लिहिलं आहे.

वर्षभरानं मी त्या गावात पुन्हा गेलो. नवी घरं व्हायची होती, दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. ट्रंकेवर लाल फडकं अंथरून तिन्ही टाक मांडलेले होते. चेपलेला टाक तसाच होता. सोनाराकडं नेला नाही, म्हातारा म्हणाला, राहू दे असाच. त्यानं दिवा लावला. ती चुलीपुढं देवांकडं पाठ करून भाकरी थापत होती. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा तिनं ती मोडून एक तुकडा, मागं न बघता, त्याच्या हातात दिला, आणि त्यानं तो टाकांपुढं ठेवला.